काळ्या नदीतला ट्राउट

आबेरदू
२१ फेब्रुवारी १९८८

प्रिय एमलिनमामा,

माझं अक्षर पाहिल्यावर तू पाकीट उलटसुलट करशील आणि म्हणशील, आता कोण गेलं? कुणी गेलेलं नाही. सगळे ठीक आहेत. नुसतं ख्यालीखुशालीचं पत्र लिहायची सवय आपल्या घरात कुणालाच नाही, त्याला मी काय करू?

मला तुझा सल्ला हवाय. तू आयुष्यभर अस्क नदीत पिसांच्या खोट्या माश्या गळाला लावून ट्राउट मासे धरत आलास. आई म्हणायची, एमलिननं लग्न केलं नाही कारण नदीनं परवानगी दिली नाही. तर मला सांग, ज्यानं कधी गळ हातात धरला नाही अशा माणसासाठी सुरुवातीला काय काय घ्यावं? पुढच्या महिन्यात इदवालचा वाढदिवस आहे. त्याला द्यायचंय.

कोळशाची खाण बंद झाल्यापासून हा दुसरा हिवाळा. इदवाल पहाटे उठतो, बूट घालतो, लेस बांधतो आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसतो. संध्याकाळी लेस सोडतो. मधल्या वेळात बोलावं असं त्याला काही सापडत नाही. आधी मी भांडत होते, मग लाडीगोडी लावून पाहिली, आता मीही गप्प झालेय आणि मला त्याचीच भीती वाटते. डॉक्टर म्हणतात त्याला बाहेर काढा. कुठे काढू? खाणकामगारांच्या क्लबात सगळे त्याच्यासारखेच बसलेले.

मागच्या आठवड्यात शाळेच्या स्वयंपाकघरातून मी बटाट्यांची सालं टाकायला बाहेर आले, तर खाली नदीत राखी बगळा उभा. आमच्या नदीत! तुला आठवतं ना, लहानपणी तू तिला शाईची दौत म्हणायचास. बगळा काही हवा खायला उभा राहत नाही. म्हणून हे डोक्यात आलं.

लवकर लिही. आणि हे त्याला कळू देऊ नकोस.

तुझी,
तेगवेन

लानवेन, अस्ककाठ
२६ फेब्रुवारी

तेगू पोरी,

तुझं पत्र आलं तेव्हा मी अंडं उकडत ठेवलं होतं. वाचता वाचता अंड्याचा दगड झाला. कुणी मला माझ्या विषयावर सल्ला विचारला नाही, त्याला किती वर्षं झाली असतील! आता ऐक, आणि मध्ये बोलू नकोस.

आधी एक गोष्ट समजून घे, म्हणजे दुकानदार तुला फसवू शकणार नाही. बाकीचे लोक गळाला शिसं बांधतात आणि त्या वजनानं गळ लांब जातो. आपली माशी म्हणजे सशाच्या केसांचा आणि कोंबडीच्या पिसाचा एवढासा गुंडा, फुंकर मारली तरी उडेल. ती फेकता येत नाही. आपण फेकतो ती दोरी. दोरी जाड असते, तिला वजन असतं, आणि माशी तिच्यामागून पाहुणीसारखी जाते. म्हणून रॉड आणि दोरी यांचं जमलं पाहिजे. रॉडवर मुठीच्या वर एक आकडा लिहिलेला असतो. दोरीच्या डबीवर तोच आकडा हवा. पाच नंबरचा रॉड घे आणि पाच नंबरचीच, पाण्यावर तरंगणारी दोरी घे. दुकानदार म्हणेल, सहाची चालते हो. त्याच्याकडे सहाच्या पडून असतात म्हणून चालते.

रॉड साडेआठ फुटांचा, दोन तुकड्यांचा. हातात घेऊन हलवून बघ. चाबकासारखा झोंबत असेल तर ठेवून दे; नवशिक्याला जरा मवाळ रॉड हवा, चूक झाली तर सांभाळून घेणारा.

दुकानदार तुला सगळ्यात आधी रीळ दाखवेल. चकचकीत, टिकटिक वाजणारं. तिकडे बघू नकोस. आपल्याकडचा ट्राउट काही रीळ घेऊन समुद्रावर पळत नाही. दोरी गुंडाळायला काहीतरी लागतं, म्हणून रीळ. साधंसं घे. पैसे घालायचे तर दोरीत घाल.

दोरीच्या टोकाला नऊ फूट तंगूस, म्हणजे नायलॉनची पारदर्शक तार, बुंध्याला जाड आणि शेवटाला बारीक होत जाणारी. मांडीपर्यंतचे रबरी बूट, आत जाड मोजे मावतील असे. छोटी जाळी. माश्या घेऊ नकोस, त्या मी बांधून पाठवतो. आणि खिशांचं जाकीट घेतलंस तर पुन्हा मला पत्र लिहू नकोस. त्या जाकिटात माणूस हरवतो.

इदवालला सांग, पहिला महिनाभर पाण्याकडे जायचं नाही. गवतावर उभं राहून, माशीच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून नुसती दोरी फेकायची.

तुझा मामा,
एमलिन

आबेरदू
४ एप्रिल

प्रिय मामा,

कार्डिफला जाऊन सगळं आणलं. दुकानदारानं आधी रीळच दाखवलं! मी म्हटलं, "ते राहू द्या, तुमचा पाच नंबर दाखवा." त्यावर तो जरा सरळ उभा राहिला. सहाची दोरी चालते हेही म्हणाला. मी हसले तेव्हा बिचाऱ्याला कळेना.

वाढदिवस छान झाला. इदवालला भेट आवडली. खाणीवरच्या सपाट केलेल्या मैदानात सराव चाललाय. गवत अजून नीट उगवलेलं नाही, पण तिथं कुणी बघायला येत नाही हे बरं. पहिल्या दिवशी दोरी शेजारच्या मॉर्गनबाईंच्या मेंढीत अडकली. (मेंढ्या अजूनही रस्त्यातच फिरतात.) नंतर केसांत अडकली आणि कात्री आणावी लागली.

दोरी पुढे जाते ती सरळ पडतच नाही, शेवयांसारखी ढीग होऊन पडते. का? आणि मागे गेली की चटकन आवाज येतो, चाबूक ओढल्यासारखा, त्यात लोकर तुटून जाते. संध्याकाळपर्यंत मनगट भरून येतं. त्याचं.

बूट बदलून आणावे लागले. मोठे होते, पायात खडखड वाजायचे. आता पाच नंबरचे घेतलेत, छान बसतात.

तुझ्या माश्या मिळाल्या. इतक्या सुंदर आहेत की टोपीला लावाव्याशा वाटतात.

तेगवेन

लानवेन
९ एप्रिल

तेगू,

चाबकाचा आवाज येतो कारण दोरी मागे पूर्ण उलगडायच्या आतच पुढे ओढली जाते. मागे फेकल्यावर थांबायचं. जीव वर-खाली होईल, पण थांबायचं. हवेत ती सरळ झाली की रॉडला एक हलकी ओढ जाणवते, कुणीतरी बाही धरल्यासारखी. ती आली की पुढे. शेवया पडतात त्या मनगटामुळे. मनगट मोडायचं नाही, फेक कोपरापासून. काखेत एक पुस्तक धरून सराव करायचा. पुस्तक पडलं की चूक.

हे झालं. आता दुसरं. मोठ्या पातेल्यात डाव फिरवून फिरवून ज्यांना मनगटाची सवय लागलेली असते, अशा माणसांना हा दोष हमखास असतो. बत्तीस वर्षं फावडं चालवलेल्या माणसाला नसतो. तो खांद्यानं फेकतो आणि त्याचे दोष वेगळे.

शिवाय इदवालला मी तुझ्या लग्नात पाहिलंय. चर्चच्या दारातून वाकून आत आला होता. त्याच्या पायात पाच नंबरचे बूट जायचे तर आधी बोटं कापावी लागतील. आणि डोक्यावर केस तेव्हाच नव्हते, आता कात्री कशाला लागली?

पोरी, मी म्हातारा झालोय, बावळट नाही. केस घट्ट बांध आणि वर टोपी घाल. गळ डोळ्यात गेला तर खेळ संपतो, म्हणून चष्माही घाल.

आणि खरं काय झालं ते लिही.

मामा

आबेरदू
१७ एप्रिल

प्रिय मामा,

तुझं पत्र मी शाळेच्या कोठारात, पिठाच्या गोणीवर बसून वाचलं. आधी हसले आणि मग दुसऱ्यांदा वाचलं.

खरं सांगते. वाढदिवसाला त्यानं कागद सोडला, रॉडचे तुकडे बाहेर काढले आणि एकमेकांत बसवले. हात आपोआप कामाला लागले तेव्हा मला वाटलं, जिंकलं. मग त्यानं विचारलं,

"हे कशाला?"

"नदीत मासे आलेत म्हणतात."

"कुणी सोडले?"

"कुणी सोडले नाहीत. आपले आलेत. पाणी स्वच्छ झालंय ना."

"का झालंय?"

मी सोडलेल्या कागदाची घडी घालायला लागले. तो म्हणाला, "सांग की. का झालं स्वच्छ? आपण कोळसा धुवायचं थांबलो म्हणून. माझ्या आजानं, बापानं आणि मी मिळून ती नदी काळी ठेवली, तोवर या गावात माणसं होती. आता पाणी निवळलं म्हणजे आमचं काहीच उरलं नाही. आणि तू मला म्हणतेस, जा, त्यात खेळ?"

त्यानं रॉड पुन्हा सुटा केला. आपटला नाही, फेकला नाही. नीट कापडात गुंडाळला आणि दाराआड ठेवला. आपटला असता तर बरं झालं असतं.

आठवडाभर तो दाराआड होता. दार उघडलं की दिसायचा. एका दुपारी मला इतका संताप आला, त्याचा, खाण बंद करणाऱ्यांचा, त्या बगळ्याचा, की मी रॉड उचलला आणि मैदानात गेले. मोडायलाच गेले होते. म्हटलं मोडायच्या आधी एकदा फेकून तर बघू. दोरी माझ्या गळ्याभोवती पडली. पुन्हा फेकली. दिवेलागण झाली तेव्हा कळलं की आज कितीतरी वेळ मी कशाचीच काळजी केलेली नाही.

तुला खोटं लिहिलं कारण त्याला आवडलं नाही हे कागदावर लिहिणं मला जमेना. आणि एकोणपन्नास वर्षांची बाई बोडक्या मैदानात लोकर फेकत उभी राहते हे तरी कुणाला सांगू? क्लबाच्या खिडकीतून हाका येतात, "तेग, कपडे वाळत घालतेस काय?" इदवालला ठाऊक आहे. तो विचारत नाही, मी सांगत नाही. पण परवा रॉडचं कापड ओलं राहिलं होतं, ते त्यानं शेगडीजवळ वाळत टाकलेलं दिसलं.

आता बाही ओढल्यासारखं जाणवतं, मामा. अगदी तू म्हणालास तसंच. नदीवर जाऊ का?

तुझी खोटारडी भाची

लानवेन
२२ एप्रिल

तेगू,

जा.

इदवाल बोलला त्यात खोटं काही नाही. त्याच्याशी वाद घालू नकोस. तुझी नदी निवळली त्याचा मला आनंद होतो, कारण मी कधी खाणीत उतरलो नाही. त्याला तो आनंद फुकट मिळणार नाही. वेळ लागेल, किंवा मिळणारही नाही. तू तुझी दोरी फेकत राहा.

पाण्याकडे आधी नुसतं बघायचं. जिथं जोराचा प्रवाह आणि संथ पाणी एकमेकांना घासून जातात, तिथं फेसाची एक रेघ तयार होते. तीच माशाची जेवणाची पंगत. किडे त्या रेघेवरून वाहत येतात आणि ट्राउट संथ बाजूला उभा राहून उचलतो, उगाच दमत नाही. त्या रेघेवर वरच्या अंगाला माशी टाक आणि वाहत येऊ दे. ओढू नकोस. खरी माशी प्रवाहाविरुद्ध पोहत नाही.

एक नियम मात्र पाळायचा. गुडघ्याच्या वर पाणी असेल तिथं एकटीनं उतरायचं नाही. सोबत कुणीतरी हवं. शेजारीण चालेल, पाद्री चालेल.

तू खरं सांगितलंस, आता माझंही ऐक. दोन हंगाम झाले, मी पाण्यात उतरलेलो नाही. खुबा गेलाय. लोकांना सांगतो, हल्ली मासे कमी झालेत, मजा राहिली नाही. मासे भरपूर आहेत. मी रोज खिडकीत बसून माश्या बांधतो आणि पेटीत ठेवतो. तुझं पत्र आल्यापासून निदान कुणासाठी बांधतोय हे तरी कळतं.

मामा

आबेरदू
६ जून

मि. एमलिन वॉटकिन्स यांस,

तुम्हाला माझं हे पहिलंच पत्र. मला पत्रं लिहिता येत नाहीत. राग आलाय म्हणून लिहितोय.

शनिवारी तुमची भाची नदीत पडली. ठीक आहे. मनगट मुरगळलं आहे आणि गुडघा सोलला आहे. मॉर्गनबाई ओरडत आल्या तेव्हा मी घरातल्या सपातांवर पळत गेलो. कोळसा वाहणाऱ्या रेल्वेच्या जुन्या वाघिणीचा सांगाडा पात्रात पडलाय, त्याला ती एका हातानं धरून होती. कमरेच्या वर पाणी. बूट भरलेले, त्यामुळे पाय उचलत नव्हते. दुसऱ्या हातात ती तुमची काठी. मी आत उतरलो आणि म्हणालो, "सोड ती काठी!" ती म्हणाली, "तू मला धर. काठी मी धरलीय."

बाहेर काढल्यावर मी बोललो. फार बोललो. खाणीत एकटा माणूस कधी आत जात नाही, जोडीदाराशिवाय कुणी फावडं उचलत नाही, हे पोरासोरांना कळतं. मी म्हणालो तुझ्या मामानं एवढंही सांगितलं नाही? तेव्हा तिनं तुमचं पत्र आणून दाखवलं. तुम्ही सांगितलं होतं.

मी विचारलं, "मग कुणाला का नेलं नाहीस?"

ती म्हणाली, "ज्याला न्यायचं होतं तो येत नव्हता."

राग तसाच आहे, म्हणून तुमच्यावर काढतोय. तुमच्या त्या रबरी बुटांचा तळ कुणी ठरवला? त्या दगडांवर शेवाळ असतं, रबर त्याच्यावर साबणासारखं सरकतं. ते बूट घालून मी कुणाला अंगणातही पाठवलं नसतं. पायाखाली काय आहे याचा विचार आधी करायचा की हातात काय आहे याचा? ती पुन्हा जाणारच आहे, मनगट बरं झालं की. मी ओळखतो तिला. तळाला काय लावतात ते कळवा.

इ. प्रॉसर

लानवेन
९ जून

प्रिय इदवाल,

रागावलास ते योग्यच. बुटाच्या तळाबद्दल मी चकार शब्द लिहिला नाही, ही माझी चूक. आमच्या अस्कला वाळू-खडी आहे, तुमच्याकडे शिळा आहेत हे लक्षातच आलं नाही.

तळाला नमदा लावतात. लोकर दाबून केलेलं जाड कापड असतं ते. तो नसेल तर जुना गालिचा चालतो, लोकरीचा, आखूड धाग्यांचा. तळ खरखरीत घासून घे, चांगला गोंद लाव आणि रात्रभर वजनाखाली दाबून ठेव. शेवाळावर पाय घट्ट बसतो. एक दणकट काठीही दे तिला, पाऊल टाकायच्या आधी तळ चाचपायला.

सोबत जाशील तर तिच्यापेक्षा प्रवाहाच्या खालच्या अंगाला उभा राहा. घसरली तर तुझ्याकडेच येईल.

मासा आला तर जाळी आधी पाण्यात बुडवून धर आणि मासा जाळीवर येऊ दे. जाळी घेऊन माशामागे धावू नकोस. आणि हाताळायचा तर हात आधी ओले कर, कोरड्या हातानं त्याची कातडी जाते.

पत्र छान लिहितोस. पुन्हा राग आला तर पुन्हा लिही.

एमलिन

आबेरदू
३ जुलै

प्रिय मामा,

कसं लिहू? सरळ लिहिते.

तू गालिचा म्हणालास. आमच्या घरात लोकरीचा एकच आहे, दिवाणखान्यातला, आईनं दिलेला. मी शाळेतून आले तर इदवाल गुडघ्यांवर बसलेला, हातात सुरी, आणि खिडकीजवळच्या खुर्चीखाली दोन भलीमोठी पावलांच्या आकाराची भोकं. "तिथं कुणाला दिसत नाही म्हणून तिथला कापला," म्हणाला. आता खुर्चीचा एक पाय भोकात जातो, ती डुगडुगते, तिच्यावर धड बसता येत नाही. मी दुरुस्त करणार नाहीये.

पहिल्या दिवशी तो काठावर पाठ करून बसला. "मी तुला बघायला आलेलो नाही, तू पडशील म्हणून आलोय." दुसऱ्या वेळी तोंड नदीकडे. तिसऱ्या वेळी सूचना सुरू. "डावीकडे टाक. अगं डावीकडे. तुला डावं कळतं का?" मी म्हटलं, "ये आणि तूच टाक." पाच मिनिटांनी पुन्हा, "डावीकडे."

मासा नाहीच, मामा. आठवडेच्या आठवडे. क्लबातले विचारायचे, आज रात्री काय शिजवतेस, बूट? मलाही वाटायला लागलं होतं की तो बगळा वाट चुकलेला होता.

काल संध्याकाळी वारा पडला होता. मी माशी बदलत होते, इदवाल माझ्या खालच्या अंगाला गुडघाभर पाण्यात उभा होता. (हो, आता तो उतरतो. राहिलेला गालिचा त्याच्या बुटांना लागला.) तो एकदम म्हणाला, "शू!" मी म्हटलं, मी काही बोललेच नाही. "शू. ऐक." मला काहीच ऐकू आलं नाही. तो मान तिरकी करून उभा. खाणीत छत बोलायला लागलं, म्हणजे कोसळायच्या आधी कुरकुरायला लागलं, की असेच उभे राहायचे म्हणे सगळे. "तिथं," तो हळूच म्हणाला. "त्या शिळेच्या मागं. कुणीतरी पाण्याचा मुका घेतला."

आणि मग मलाही दिसलं. एक छोटं वर्तुळ, फेसाच्या रेघेच्या कडेला.

पहिली फेक झाडातच गेली असती, पण झाड नव्हतं. दुसरी आखूड पडली. तिसऱ्या वेळी मी मागे थांबले, ओढ जाणवेपर्यंत थांबले, आणि दोरी अशी सुटली मामा, की मीच बघत राहिले. तुझी ती सशाच्या केसांची तपकिरी माशी पाण्यावर बसली, हातभर वाहत आली आणि नाहीशी झाली.

"गेली!" इदवाल ओरडला. "उचल! अगं उचल!"

रॉड वाकला. हातात काहीतरी जिवंत धडधडायला लागलं. मला वाटतं मी किंचाळत होते. इदवालनं जाळी पाण्यात बुडवली आणि वाट बघत उभा राहिला. त्याच्या तोंडानं सारखं चालू होतं, "सावकाश, सावकाश, सावकाश ग माझे राणी," आणि ते मला उद्देशून होतं की माशाला, मी अजून विचारलेलं नाही.

वीतभर असेल. सोन्याचं पोट आणि अंगावर लाल ठिपके, प्रत्येक ठिपक्याला फिकट कडा. इदवालनं दोन्ही हात पाण्यात बुडवले आणि त्याला पाण्यातच धरलं. त्या हातांवरच्या जुन्या जखमांत कोळसा निळा होऊन बसलाय, तो कधी निघणार नाही. त्या निळ्या रेघांच्या मध्ये तो मासा कल्ले हलवत पडला होता.

"माझ्या बापानं हा कधी पाहिला नाही," तो म्हणाला. मग म्हणाला, "आजानंही नाही. ते इथंच जन्मले. या नदीत काय राहतं हे त्यांना माहीतच नव्हतं."

मी विचारलं, "घरी न्यायचा?"

"हा घरीच आहे," तो म्हणाला आणि हात उघडले.

त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. माझ्या होतं. मग घरी जाईपर्यंत तो बोलत होता. शिळेबद्दल, रेघेबद्दल, पहिली फेक मी कशी वाया घालवली त्याबद्दल. मॉर्गनबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तेग, हा कुणाचा आवाज गं?"

तुझी,
तेगवेन

आबेरदू
२८ ऑगस्ट

प्रिय एमलिनमामा,

या वेळी राग आलेला नाही, तरी लिहितोय.

मासा धरल्याच्या दुसऱ्या दिवशी मी क्लबात गेलो. बऱ्याच दिवसांनी. सांगितलं, आपल्या नदीत ट्राउट आहे. लोक हसले. ग्रिफ म्हणाला, "बिअर कुठली प्यायलास?" मी म्हणालो चला, दाखवतो. कुणी उठेना. शेवटी म्हातारा सिलिन उठला. त्याची छाती धुळीनं पार गेलीय, दोन वाक्यांत एकदा थांबतो. तो उठला म्हटल्यावर बाकीच्यांना बसून राहायची लाज वाटली.

आम्ही पुलावर गेलो. सगळे कठड्यावर वाकून उभे. पाऊण तास काही नाही. टोमणे चालू झाले. मग शिळेच्या मागं ते वर्तुळ उमटलं. पुन्हा एकदा उमटलं. सिलिनला दम लागला होता तरी तो म्हणाला, "मला आयुष्यभर वाटायचं, पाणी मुळात काळंच असतं."

मग ग्रिफनं मला पाठीत धपाटा घातला आणि म्हणाला, "बहाद्दर, धरलास कसा?" मी म्हणालो, मी नाही धरला, बायकोनं धरला. पुलावर जे हसू फुटलं ते वरच्या गल्लीपर्यंत गेलं असेल. पण सिलिन हसला नाही. त्यानं विचारलं, "ती शिकवेल का मला? पाण्यात नाही उतरवणार मला कुणी. पण गवतावर?"

मी तिला तसं सांगितलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, "शिकवीन. उशिरा आलेला चालणार नाही आणि कपडे वाळत घालण्याचे विनोद चालणार नाहीत."

तेव्हापासून दर शनिवारी सकाळी खाणीवरच्या मैदानात वर्ग भरतो. आधी सिलिन आणि ग्रिफ होते. आता बरेच येतात. रॉड दोनच आहेत, तिचा आणि ग्रिफनं उसना आणलेला एक; मागच्या महिन्यात तुम्ही तुमचा पाठवलात तो धरून तीन. म्हणून आळीपाळीनं घेतात आणि बाकीचे झाडूचे दांडे हलवतात. एकेकाळी ज्यांच्या एका शब्दावर खाणीतलं काम थांबायचं ते गडी तुमच्या भाचीसमोर काखेत पुस्तकं धरून उभे असतात. पुस्तकं बहुतेक चर्चची, कारण ती जाड असतात. ती पाठीमागं हात बांधून रांगेतून फिरते. तिचा आवाज आमच्या मुकादमापेक्षा मोठा आहे.

तुमच्या खुब्याचं तिनं सांगितलं. ग्रिफच्या भावाची व्हॅन आहे. कधी न्यायला येऊ ते कळवा. उन्हाची बाजू बघून बसायची सोय करतो. तुम्ही नुसतं बसा आणि आमच्या चुका सांगा. तसं आमची मास्तरीण सांगतेच, पण काही काही दोष तिच्या लक्षात येत नाहीत असं मला वाटतं. विशेषतः जे खांद्यानं फेकतात त्यांचे.

मी रांगेत सगळ्यात शेवटी उभा असतो. मला अजून नीट जमत नाही.

तुमचा,
इदवाल